गार वाऱ्याचें निदान

संस्कृत शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला त्यानें मोटारीच्या यंत्राविषयीं लिहावें, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. मलाही प्रथम तें तसेंच वाटलें. परंतु गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरावर जो प्रसंग आला त्यानें मला दोन महिने या एकाच यंत्राचा विचार करावयास लावलें. विचार करतां करतां असें दिसून आलें कीं, हल्लीं घरोघरीं मोटार आहे, मोटारींत गार हवेचें यंत्र आहे, तें बिघडलें म्हणजे पैसेही बरेच जातात. पण तें चालतें कसें, हें घरांतील दहा माणसांपैकीं एकासही ठाऊक नसतें. आणि जें आपणांस ठाऊक नाहीं त्याविषयीं दुसरा सांगेल तें खरें मानावें लागतें. आम्हीं तेंच केलें व त्याचें फळ भोगलें. दुसऱ्या कोणावर तशी पाळी येऊं नये, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहें.

आमची अडचण

आम्ही राहतों बदलापुरास. तीन पिढ्या एका छपराखालीं आहेत. माझे वडील बंधु, ज्यांना सारें घर दादा म्हणतें, अठ्याहत्तर वर्षांचे आहेत. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरींत त्यांनीं उभी हयात यंत्रांच्या सहवासांत काढली. त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झाल्यास आतां दोन वर्षें होत आलीं. आठवड्यांतून तीन दिवस त्यांना कल्याणास नेऊन डायालिसिस करावें लागतें. दुपारीं बारा ते चार ही त्यांची वेळ. लोहमार्गानें बदलापूर ते कल्याण हें अंतर अवघें १४ किलोमीटर आहे. पण आमच्या बाजूच्या लोकलची गर्दी ज्यानें पाहिली आहे तो रोग्याला तिच्यांत चढविण्याची गोष्ट काढणार नाहीं. म्हणून माझ्या पुतण्यानें एक जुनी, लहानशी मोटार घेतली.

ज्यांच्या घरीं असा रोगी आहे त्यांना सांगावयास नको कीं, या रोगांत पाणी मोजून द्यावें लागतें. दादांना दिवसाला सर्व मिळून एक लिटर. चहा, ताक, आमटीचें पाणीसुद्धां त्यांतच धरावयाचें. शरीरांतील जास्त पाणी बाहेर पडण्याचा मार्गच बंद झालेला असतो. तें आंत सांठतें, पाय सुजतात, छातींत दम भरतो. तहान मात्र वैद्याच्या आज्ञेंत नसते. ऊन लागलें, घसा सुकला, कीं माणूस कितीही विवेकी असला तरी हात तांब्याकडे जातो. तेव्हां आमच्या मोटारींतील गार वारा ही चैन नव्हती. दादांच्या पथ्याचाच तो एक भाग होता.

बदलापूर-अंबरनाथचा उन्हाळा वाचकांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचा असेल. मुंबईस समुद्राचा वारा दुपारीं लवकर येतो. आमच्याकडे तो येईपर्यंत त्याची ओल व गारवा दोन्ही सरतात. चैत्र-वैशाखांत पारा ४० अंशांवर जाणें ही आमच्याकडे नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. अशा दिवसांत, साडेअकराच्या सुमारास, आमची मोटार उल्हासनगरच्या गर्दींत सापडली आणि आंतला वारा एकाएकीं कढत येऊं लागला. पाऊण तास आम्ही तेथून हललों नाहीं. कांच उघडावी तर बाहेरून धूर व झळा. मिटावी तर आंत भट्टी. वहिनी पदरानें वारा घालीत होत्या. दादांनीं त्या दिवशींचें आपलें मोजलेलें पाणी वाटेंतच संपविलें, वर आणखीही प्यालें. दवाखान्यांत वजन पाहिलें तों दोन दिवसांत तें साडेतीन किलोनें वाढलेलें. तेथील परिचारिका आम्हांला रागें भरली, आणि तिचें चुकलें असें मी म्हणणार नाहीं. त्या रात्रीं दादांना उशीला टेकूनच बसावें लागलें. आडवें झालें कीं दम लागे.

दोनदां गॅस, दोनदां निराशा

दुसऱ्याच दिवशीं पुतण्यानें मोटार एका कारागिराकडे नेली. त्यानें बॉनेट उघडलें, इकडे तिकडे पाहिलें आणि सांगितलें, "गॅस संपला." जुना गॅस त्यानें हवेंत सोडून दिला, नवा भरला, पैसे घेतले. सायंकाळीं मोकळ्या रस्त्यावर आम्ही फेरी मारली, वारा गार आला, आणि आम्ही संतुष्ट झालों. पुढच्या खेपेस, भर दुपारीं, त्याच गर्दींत, पुन्हां तोच प्रकार झाला. पुन्हां मोटार तेथेंच गेली. "गॅस कमी पडला," असें म्हणून त्यानें आणखी थोडा भरला. या खेपेस तर चालत्या गाडींतही वारा पूर्वींइतका गार येईना.

तिसऱ्यांदा पुतण्या निघाला तेव्हां मीं त्याला थांबविलें. "अरे, हा गॅस जातो तरी कोठें?" असें मीं विचारलें. तो म्हणाला, "काका, पेट्रोलसारखा तोही जळत असेल." या उत्तरानें माझी शंका वाढली. ज्या रोगाला एकच औषध दोनदां देऊन गुण येत नाहीं, तेथें औषधाचा नव्हे, निदानाचा दोष असतो, हें आयुर्वेदाचें कोणतेंही पुस्तक सांगेल. मग यंत्राचें शास्त्रच समजून घ्यावें असें मीं ठरविलें. तें येथें शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडतों.

यंत्र चालतें कसें

माठांतील पाणी गार कां होतें? माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतें, त्याची वाफ होते, आणि वाफ होण्यास जी उष्णता लागते ती माठांतूनच घेतली जाते. इंजेक्शनापूर्वीं दंडाला स्पिरिट लावलें कीं गार वाटतें, तेंही याच कारणानें. द्रवाचा वायु होतांना तो भोंवतालची उष्णता घेतो, आणि वायूचा पुन्हां द्रव होतांना तीच उष्णता बाहेर टाकतो. मोटारींतील सारें यंत्र या एका सूत्रावर उभें आहे.

दुसरी गोष्ट गृहिणींना स्वयंपाकघरांत रोज दिसते. उघड्या पातेल्यांत पाणी १०० अंशांवर उकळतें. पण प्रेशर कुकरांत दाब वाढलेला असल्यामुळें तें सुमारें १२० अंशांवर उकळतें. दाब वाढविला कीं उकळण्याचा अंश वर जातो, दाब कमी केला कीं खालीं येतो.

आतां मोटारींत जो गॅस असतो तो पाहूं. पुष्कळ वर्षें प्रचारांत असलेला आर-१३४ए नांवाचा गॅस उघड्या हवेंत शून्याखालीं सुमारें २६ अंशांवर उकळतो. इंजिनाच्या पट्ट्यानें फिरणारा कंप्रेसर या वायूला दाबतो. तो तापतो व त्याचा दाब पुष्कळ वाढतो. तेथून तो मोटारीच्या अगदीं पुढें, जाळीमागें बसविलेल्या कंडेन्सरांत येतो. उन्हाळ्यांत येथील दाब हवेच्या दाबाच्या सोळा पटींच्या घरांत असतो. त्या दाबाखालीं हा वायु सुमारें ६० अंशांवर द्रव होतो. म्हणूनच बाहेरची ४० अंशांची हवासुद्धां त्याला थंड करूं शकते. द्रव झाल्यावर तो ड्रायरमधून गाळला जाऊन, ओलावा टाकून, एक्स्पान्शन व्हाल्व्हच्या बारीक छिद्रांतून पुढें सुटतो. दाब एकदम उतरतो, आणि डॅशबोर्डाच्या आंत बसविलेल्या कूलिंग कॉइलमध्यें तो शून्य अंशाच्या आसपासच उकळूं लागतो. उकळण्यास लागणारी उष्णता तो कोठून घेणार? कॉइलवरून पंख्यानें फुंकलेल्या हवेंतून. ती हवा गार होऊन आपल्या तोंडावर येते, आणि वायु झालेला गॅस पुन्हां कंप्रेसरकडे परततो.

म्हणजे हा गॅस पाणक्यासारखा आहे. आंतली उष्णता घागरींत भरावयाची, बाहेर नेऊन ओतावयाची, आणि रिकामी घागर घेऊन परत यावयाचें. घागर फुटली नसेल तर पाणक्याला रोज नवी घागर देण्याचें कारण काय? पेट्रोल जळतें; हा गॅस जळत नाहीं, खर्च होत नाहीं. रबराच्या नळ्यांतून व कंप्रेसरच्या दांड्यापाशीं असलेल्या सीलमधून कांहीं वर्षांत तो थोडाथोडा झिरपतो, हें खरें. पण आज भरलेला चार दिवसांत नाहींसा झाला तर तो कोठें तरी गळत आहे, आणि गळत नसेल तर दोष गॅसाचा नाहींच.

अन्वय आणि व्यतिरेक

आमच्या न्यायशास्त्रांत कारण शोधण्याची एक साधी रीति सांगितली आहे. एक असतांना दुसरें असतें तो अन्वय. एक नसतांना दुसरेंही नसतें तो व्यतिरेक. दोन्ही जुळलीं म्हणजे कार्यकारणसंबंध मानावा. मीं खोलीचें तापमान दाखविणारा एक लहान तापमापक घेतला, तो मधल्या झरोक्यांत अडकविला आणि एका वहींत नोंदी करावयास सुरुवात केली. बदलापूर सोडल्यावर, गाडी वेगानें चालत असतां, १२ अंश. अंबरनाथांत गाडी हळू झाली कीं १७. उल्हासनगरास दहा मिनिटें उभी राहिली कीं २६. पुन्हां चालूं लागली कीं थोड्या वेळानें खालीं. तीन खेपांच्या नोंदी एकमेकींशीं जुळल्या.

गॅस कमी असता तर वारा चालत्या गाडींतही गरमच राहिला असता. येथें गाडी चाले तेव्हां गारवा, उभी राही तेव्हां उष्णता. गाडी उभी राहिली म्हणजे काय नाहींसें होतें? समोरून कंडेन्सरवर येणारा वारा. त्याची उणीव भरून काढण्यासाठीं तेथें विजेचा पंखा असतो. तेव्हां संशय पंख्यावर येऊं लागला.

आणि येथें मला स्वतःची लाज वाटावी अशी एक गोष्ट घडली. रात्रीं जेवणें झाल्यावर मी पुतण्याला हें सारें समजावून सांगत होतों. खाटेवर पडलेले दादा ऐकत होते. ते हळूच म्हणाले, "अरे, गाडी उभी राहिली कीं पूर्वीं पुढून भर्र असा आवाज येत असे. होळी झाल्यापासून तो येत नाहीं."

"दादा, मग हें तुम्हीं आम्हांला सांगितलें कां नाहीं?" मीं विचारलें.

"मला कोणी विचारलें कुठें?" ते म्हणाले. "तुम्ही मला गाडींत बसवीत होतां आणि उतरवीत होतां."

वहिनी पदर डोळ्यांस लावून आंत गेल्या. ज्या माणसानें चाळीस वर्षें यंत्राचा आवाज ऐकून त्याचें दुखणें ओळखलें, त्याच्यासाठीं आम्ही मोटार दुरुस्त करीत होतों आणि त्यालाच विचारावयाचें विसरलों होतों. घरांत वृद्ध माणूस आजारी पडलें कीं आपण त्याची सेवा करतों; पण त्याचा सल्ला घेणें थांबवितों. हा दोष केवळ आमच्याच घरांत असेल असें मला वाटत नाहीं.

उल्हासनगरचा मिस्त्री

दुसऱ्या दिवशीं मी स्वतः पुतण्याबरोबर उल्हासनगरास गेलों. हें शहर ज्या जागीं वसलें तेथें दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत आसरा मिळाला, आणि १९४९ सालीं या वसाहतीला उल्हासनगर हें नांव देण्यांत आलें. आजही तेथील भाग कॅम्प नंबर एक ते पांच याच नांवांनीं ओळखले जातात. मोडकें टाकून न देतां दुरुस्त करून वापरण्याची विद्या या लोकांना संकटानें शिकविली. कॅम्पांतील एका गल्लींत साठीच्या घरांतला एक सिंधी मिस्त्री केवळ मोटारींच्या एसीचेंच काम करतो, असें शेजाऱ्यांकडून कळलें होतें.

त्यानें गॅसाचें नांव काढलें नाहीं. प्रथम विचारलें, "मास्तरजी, गरम केव्हां येतें? उभी असतां कीं चालतां?" मीं वही पुढें केली. ती त्यानें शांतपणें वाचली आणि हंसून म्हणाला, "अर्धें काम तुम्हींच केलें."

मग त्यानें इंजिन व एसी चालू केला आणि पुढच्या जाळींतून पाहिलें. दोन पंख्यांपैकीं एक फिरत होता, एसीचा दुसरा फिरत नव्हता. दोन्ही नळ्यांना गेज लावले. जास्त दाबाच्या बाजूचा कांटा पाहतां पाहतां वर चढत गेला, आणि एका मर्यादेवर कंप्रेसर आपोआप बंद पडला. दाब फार वाढला तर यंत्र फुटूं नये म्हणून तेथें एक स्विच असतो, तो आपलें काम करीत होता. पंख्याच्या तारेचा जोड त्यानें सोडवून दाखविला. पावसाळ्याच्या पाण्यानें तो हिरवा पडून जळाला होता. पंख्याच्या मोटारीचे कार्बन ब्रशही झिजले होते. शिवाय कंडेन्सरच्या पात्यांत दोन पावसाळ्यांचा चिखल, धूळ व मेलेले किडे बसलेले. वारा वाहावयाचा तो कोठून?

त्यानें जोड बदलला, ब्रश बदलले, कंडेन्सर पाण्याच्या हलक्या धारेनें धुतला. "जोराची धार मारूं नका," तो म्हणाला, "पातीं कागदासारखीं असतात, वांकलीं कीं वाट बंद." मग यंत्रांतला गॅस त्यानें हवेंत न सोडतां आपल्या यंत्रानें परत काढून घेतला व तोलला. ठराविक मापापेक्षां तो बराच जास्त निघाला. दुसऱ्या खेपेस वारा आणखी बिघडला त्याचें कारण हेंच. कंडेन्सरांत द्रव मर्यादेबाहेर भरला कीं वायूला थंड होण्यास जागा उरत नाहीं व दाब वाढतो. त्यानें अर्धा तास पंपानें यंत्र निर्वात केलें, कांटा हलत नाहीं म्हणजे कोठें गळती नाहीं याची खात्री करून घेतली, आणि बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेल्या वजनाइतकाच गॅस कांट्यावर तोलून भरला. लहान मोटारींत हें माप बहुधा अर्ध्या किलोच्या आंतबाहेर असतें; थोडें अधिकउणें झालें तरी फरक पडतो. पहिल्या दोन खेपांना मिळून जे पैसे गेले त्यांच्या निम्म्यांत हें सारें झालें. त्या दुपारीं त्याच गर्दींत, गाडी उभी असतां, तापमापकानें १३ अंश दाखविले.

घरच्या घरीं काय पाहावें

आतां आमच्या अनुभवावरून, व त्या मिस्त्रीनें दिलेल्या माहितीवरून, कारागिराकडे जाण्यापूर्वीं कोणासही करतां येईल अशी परीक्षा क्रमानें सांगतों.

पहिली परीक्षा बटणांची. उष्णतेचें बटण पुरतें थंडाकडे आहे ना? बाहेरची हवा आंत घेण्याचें दार बंद करून आंतलीच हवा फिरविण्याची कळ दाबली आहे ना? उन्हांत उभी असलेली मोटार प्रथम दोन मिनिटें कांचा उघडून चालवावी, कोंडलेली कढत हवा जाऊं द्यावी, मग कांचा मिटाव्या.

दुसरी परीक्षा वाऱ्याच्या जोराची. वारा कमी येतो कीं गरम येतो, हे दोन निराळे रोग आहेत. वारा मुळांतच मंद असेल तर बहुतेक मोटारींत हातमोजांच्या खणामागें असलेला फिल्टर काढून पाहावा. तो धुळीनें व पाल्यानें लिंपलेला असतो. प्रवासांत तासाभरानें वारा मंद होत गेला आणि यंत्र थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हां सुधारला, तर कॉइलवर बर्फ धरत आहे असें समजावें.

तिसरी परीक्षा कंप्रेसरची. एसीचें बटण दाबतांच पुष्कळ मोटारींत 'टक्' असा आवाज येतो व इंजिनाचा सूर किंचित् बदलतो. तो कंप्रेसरचा क्लच लागल्याचा आवाज. पॅकार्ड कंपनीनें १९४० च्या नमुन्यांत मोटारींत प्रथम असें यंत्र बसविलें, तेव्हां त्यांत हा क्लच नव्हता. गारवा नको असला तर इंजिन थांबवून पट्टा उतरावा लागे! क्लच लागत नसेल तर फ्यूज, रिले, तार, किंवा गॅस फारच कमी झाल्यानें सुरक्षेचा स्विच बंद होणें, यांपैकीं कांहींतरी कारण असतें. कांहीं नव्या मोटारींच्या कंप्रेसरला क्लचच नसतो. तेथें हा आवाज येणार नाहीं.

चौथी परीक्षा पंख्याची, जी आम्हांला शेवटीं सुचली. गाडी उभी असतां गरम व चालतां गार, असें असेल तर पंखा व कंडेन्सर आधीं पाहावे.

पांचवी परीक्षा नळ्यांची. यंत्र कांहीं वेळ चालल्यावर जाड नळी गार होऊन तिच्यावर दंव जमलें पाहिजे. जाड नळी गार आहे, तरी आंत वारा गरम येतो, असें झालें तर गॅसाचा दोष नाहीं. हीटरकडील हवा मिसळणारी आंतली झडप अडकली आहे. बारीक नळी चटका बसण्याइतकी तापते, म्हणून तिला हात लावूं नये.

सहावी परीक्षा गळतीची. नळ्यांच्या सांध्यांवर तेलकट डाग दिसला तर तेथून गॅस जात आहे. कारण कंप्रेसरचें तेल गॅसाबरोबर फिरत असतें. आणि वारा गार येतां येतां मध्येंच गरम होतो, थोड्या वेळानें आपोआप पुन्हां गार होतो, असें आलटून पालटून चाललें तर आंत ओलावा गेला असून तो व्हाल्व्हच्या छिद्रांत गोठत असण्याचा संभव असतो.

या परीक्षा करतांना पदर, ओढणी, शर्टाच्या बाह्या पट्ट्यापासून दूर ठेवाव्या. आणि इंजिन बंद असलें तरी पंख्यांत बोट घालूं नये, कारण विजेचा पंखा केव्हांही सुरू होऊं शकतो. गॅसाच्या नळ्या घरीं कधींही सोडवूं नयेत. निसटलेला द्रव कातडी व डोळे गोठवितो.

गॅस हवेंत सोडण्याचें पाप

पहिल्या कारागिरानें जुना गॅस हवेंत सोडला तेव्हां आम्ही उभे राहून पाहत होतों. त्यांत कांहीं वावगें आहे हें आम्हांला कळलेंच नाहीं. पूर्वीं या यंत्रांत जो आर-१२ नांवाचा गॅस वापरीत, तो पृथ्वीभोंवतालच्या ओझोनच्या थराला जाळतो असें आढळल्यावर १९८७ सालीं माँट्रियल येथें राष्ट्रांचा करार झाला व तो गॅस क्रमानें बंद करण्यांत आला. त्याच्या जागीं आलेला आर-१३४ए ओझोनला उपद्रव करीत नाहीं. परंतु हवेंत उष्णता कोंडून ठेवण्याची त्याची शक्ति शंभर वर्षांच्या मापानें कार्बन डायॉक्साइडच्या हजार पटींहूनही अधिक आहे. म्हणून २०१६ सालीं किगाली येथें त्याही गॅसांचा वापर उतरविण्याचें ठरलें, आणि २०२१ सालीं भारतानें त्यास मान्यता दिली. आपल्याला गार वाटावें म्हणून आपण बाहेरचा उन्हाळा वाढवावा, ही गोष्ट नातवंडांच्या दृष्टीनें बरी नव्हे. तेव्हां कारागिराला तीन प्रश्न अवश्य विचारावे: गळती तपासली काय? जुना गॅस काढून सांठवून घेणार काय? नवा गॅस तोलून भरणार काय? ज्याला या प्रश्नांचा राग येतो त्याच्याकडे गाडी ठेवूं नये. स्वयंपाकाचा गॅस भरून काम भागवूं, असें कोणी म्हटलें तर त्याचें मुळींच ऐकूं नये. तो पेट घेतो, आणि कॉइल तर आपल्या गुडघ्यांपाशींच असते.

आणखी दोन सूचना केल्यावांचून राहवत नाहीं. उन्हांत उभ्या केलेल्या बंद मोटारींत दहा मिनिटांत सुमारें दहा अंश उष्णता वाढते. लहान मूल किंवा आजारी माणूस पांच मिनिटेंही आंत एकटें ठेवूं नये. तसेंच बंद जागेंत इंजिन चालू ठेवून गार वाऱ्यांत झोंप घेऊं नये. इंजिनाचा विषारी धूर गंधावांचून आंत शिरतो आणि झोंपलेल्यास जागें होऊं देत नाहीं.

शेवट

अंबरनाथच्या शिवालयांत ज्यांनीं दर्शन घेतलें असेल त्यांना आठवत असेल कीं, गाभाऱ्यांत जाण्यास पायऱ्या उतराव्या लागतात, आणि भर वैशाखांतही तेथें अंगाला गारवा लागतो. शिलाहारांच्या काळीं, इसवी सन १०६० च्या सुमारास, हें देऊळ पुरें झालें. ज्यांनीं तें बांधलें त्यांना कंप्रेसर ठाऊक नव्हता. पण उष्णता कोठून येते व कोठें जाते याचा विचार त्यांनीं केला होता. आपल्याजवळ यंत्र आहे, विचार मात्र आपण कारागिरावर सोंपविला आहे.

आतां दादा पुढच्या आसनावर बसतात. गाडी गर्दींत थांबली कीं ते मान किंचित् कलती करून कान देतात. पुढून भर्र आवाज आला कीं बोट वर करतात. मग पुतण्या म्हणतो, "चालू आहे ना, दादा?" आणि ते मान हलवितात. मागच्या आठवड्यांत परिचारिकेनें वजन पाहिलें. दोन दिवसांची वाढ दीड किलो होती. तिनें विचारलें, "आजोबा, पथ्य पाळूं लागलांत वाटतें?" दादा म्हणाले, "पथ्य पूर्वींही पाळीत होतों. आतां गाडीही पाळूं लागली."